तिसऱ्या ठोक्याचे सर

मला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. धंद्यात ते चालतं. साउंड आणि लाईटचा माल भाड्याने देणाऱ्याला मंडळाची पोरं, लग्नाची पार्टी, हॉलचे मॅनेजर, सगळेच काही ना काही ऐकवतात, आणि मीही कुणाचं ठेवून घेत नाही. पण एक शब्द माझ्याकडे तसाच पडून आहे. ज्यांनी दिला ते आता नाहीत, आणि होते तेव्हा त्यांनी तो मागे घेतला नाही. म्हणून हे लिहितो आहे. श्रद्धांजली वगैरे समजू नये.

सर सिंधी होते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका जुन्या चार मजली इमारतीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. पुढच्या खोलीत ड्रमसेट, मागे स्वयंपाकघर. कॅम्पात त्यांना पाठीमागे ‘चरिया’ म्हणत, म्हणजे सिंधीत वेडा. सरांना हे माहीत होतं. कुणी फोनवर पत्ता विचारला की तेच सांगायचे, ‘नाक्यावर चरिया कुठे राहतो विचार, डायरेक्ट आणून सोडतील.’

मी अंबरनाथचा. बेंजो पार्टीत ताशा वाजवत वर आलो. गणपती, हळद, वरात, नेत्यांचे वाढदिवस, सगळीकडे वाजवलं. मग वाटलं की रस्त्यावर घाम गाळण्यापेक्षा ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसावं, डोक्यावर पंखा तरी असतो. कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी मी सरळ सौदा मांडला.

‘सर, ऑर्केस्ट्रात लागतं तेवढंच शिकवा. जास्तीचं नको.’

सरांनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं. सिंधी घरात कुणीही गेलं तरी ते येतंच. मग विचारलं, ‘ऑर्केस्ट्रात काय लागतं?’

‘सगळंच. थोडं थोडं.’

‘मेरे पास थोडं थोडं नाही. माझ्याकडे एकच आहे. रेगे.’

‘उल्हासनगरात रेगे कोण मागतं?’

‘कोई नहीं. म्हणून तर माझ्याकडे वेळ आहे. बस, वाजव.’

मी बसलो आणि मला जे येत होतं ते सगळं वाजवलं. मिरवणुकीतली चाल, नाशिक ढोल, मधे दोन-चार उड्या. हातात ताकद होती आणि दाखवायची हौसही होती. सर पापड मोडत बसले होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, ‘बोलून झालं? पुट, तू हाताने पण फार बोलतोस.’

पुट म्हणजे मुला. ते सगळ्यांनाच पुट म्हणत, त्यांच्याहून मोठ्या माणसालासुद्धा.

रेगेचा, म्हणजे जमैका बेटावरच्या त्या संगीताचा, जो मूळ ठेका ते शिकवायचे, त्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. ऐकायला सोपा आहे. चार मात्रा. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसऱ्या मात्रेवर पायाचा मोठा ड्रम आणि स्नेअरच्या, म्हणजे मांडीजवळच्या छोट्या ड्रमच्या, कडेवर आडवी काडी, दोन्ही एकदम. चौथी रिकामी. हाय-हॅट, म्हणजे स्टँडवरची झांजांची जोडी, मधून बारीक चालू. एवढंच. मी म्हटलं, हे तर शाळेतलं पोरगंही वाजवेल.

मला जमलं नाही. आमच्याकडे पहिला ठोका म्हणजे सर्वस्व. अख्खी पार्टी तिथे एकत्र पडते, आणि जो पडला नाही त्याला मालक भर रस्त्यात आईवरून शिवी देतो. लहानपणापासून असं शिकलेला पाय ‘एक’ आला की आपोआप खाली जातो. मी दात आवळून बसायचो आणि पाय जायचाच. सर शांतपणे म्हणायचे, ‘एक मारलास.’ परत सुरू. ‘एक मारलास.’ परत.

मग त्यांनी फुटाण्यांची पुडी आणली. म्हणाले, एकला फुटाणा तोंडात टाकायचा, दोनला चावायचा, तीनला मारायचं, चारला गिळायचं. तोंड कामात असलं की पाय गप्प राहतो, असं त्यांचं म्हणणं. बेंजो पार्टीतून आलेल्या प्रत्येकाला ते हेच औषध देत. मी इतके फुटाणे खाल्ले की घरी जेवण जाईना. बायकोला वाटलं बाहेर कुठे तरी खाऊन येतो, आणि त्यावरून एक वेगळंच भांडण झालं.

सर तरुणपणी प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होते. जहाज जमैकाला लागलं की बाकीचे बाजारात जायचे आणि हे डोंगराकडच्या एका वस्तीत जाऊन बसायचे. तिथे एक म्हातारा तीन ढोल घेऊन बसायचा. मोठा ढोल जमिनीसारखा, मधला छातीत धडधडतं तसा, आणि लहान ढोल वरून बडबड करणारा. सर सांगायचे की रेगेचा ड्रमसेट म्हणजे त्या तिघांचं काम एका माणसाने करणं. त्या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून ऊस तोडायला आणलं होतं. मालकांनी त्यांचे ढोल बंद केले. ढोल वाजला की गुलाम उठतात, अशी त्यांना भीती. तरी यांनी लपून वाजवलेच. पुढे ते रस्त्यावर आले, नाचाच्या हॉलमध्ये आले, आधी ‘स्का’ म्हणून धावत होते, मग गती कमी झाली, आणि आणखी कमी झाली तेव्हा रेगे झाला. हे सगळं ते असं सांगायचे जसं कुणी आपल्या मामाच्या गावचं सांगतं.

‘तेरे को पता है पहिली मात्रा रिकामी का?’ एकदा त्यांनी विचारलं.

‘का?’

‘ज्याला घरातून उचलून आणलं ना, तो पाय टाकायच्या आधी बघतो की खाली जमीन आहे का. माझी आई लहानपणी सिंधमधून इथे आली, बॅरॅकमध्ये. मरेपर्यंत खाटेवरून उतरताना ती आधी पाय लटकवून बघायची. तू अंबरनाथचा. तुझा पाय बिनधास्त पडतो.’

मला हे पटलं नाही. चाळीत पाण्यासाठी हाणामारी करून मोठा झालेला मी, माझा पाय बिनधास्त पडत होता म्हणे. पण तेव्हा वाद घातला नाही. शिकायचं होतं.

त्यांच्या मोठ्या ड्रमच्या आत आवाज दाबण्यासाठी उशीऐवजी आईची रल्ली भरलेली होती. तुकडे जोडून केलेल्या गोधडीला सिंधी लोक रल्ली म्हणतात. त्यामुळे असेल, किंवा त्यांच्या पायामुळे असेल, त्या ड्रमचा आवाज मोठा नव्हता. कानाला कमी आणि बरगडीला जास्त लागायचा. आज माझ्या गोडाऊनमध्ये जे बेस स्पीकर आहेत त्यांच्यापुढे लोकांच्या छातीत कळ येते. तसला आवाज मला अजून कुठल्याही स्पीकरमधून काढता आलेला नाही, आणि हे मी स्पीकर भाड्याने देणारा माणूस म्हणून सांगतो.

शिकवणी संपली की सर कॅम्पातल्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांसमोरून चालायचे. आत मशिनी खडखडत असायच्या. सर मधेच थांबून कान लावायचे. ‘हा स्टेपर्स वाजवतो. चारही मारतो, तुझ्यासारखा.’ पुढच्या दारात थांबून, ‘याच्याकडे कोणी तरी दमलंय. ऐक. याचा एक गेला.’ आतले कामगार बाहेर बघायचे. मी लाजेने पुढे निघून जायचो.

वरच्या मजल्यावर एक काकी राहायच्या. मराठी, विधवा, घरीच ब्लाउज शिवायच्या. सर वाजवायला लागले की त्या स्वयंपाकघराच्या लादीवर लाटणं आपटायच्या. सर काठ्या न थांबवता छताकडे ओरडायचे, ‘काकी, एकवर मारलं तुम्ही. तीनवर मारा.’

वरून आवाज यायचा, ‘खाली येऊन तुमच्या टाळक्यात मारीन तीनवर.’

‘या ना. पापड भाजतो.’

‘पापड घाला चुलीत. माझं गिऱ्हाईक बसलंय इथं.’

हे रोजचं होतं. सणाला पुरणपोळी खाली यायची आणि दिवाळीला वर मिठाई जायची. पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या लादीला तडा गेला, खाली सरांच्या ओट्यावर प्लास्टर पडायला लागलं, आणि इमारतीत कुजबुज सुरू झाली. तोवर कॅम्पात दोन-तीन ठिकाणी स्लॅब कोसळले होते. लोक रात्री भिंतींना हात लावून झोपत. कुणाला तरी दोष द्यायला हवा होता. बिल्डर कधीच गायब झाला होता. ड्रम मात्र तळमजल्यावर रोज संध्याकाळी वाजत होता.

सोसायटीचे सेक्रेटरी तयार कपड्यांचे दुकानदार होते. त्यांनी नोटीस लावली. ड्रम हलवा, नाहीतर पोलिसात जाऊ. सरांना दुसरी जागा नव्हती. ड्रम गेला तर शिकवणी जाणार, आणि शिकवणी गेली तर त्या माणसाकडे काय उरणार हे मला दिसत होतं. मी सरांना म्हटलं, ‘तुम्ही मधे पडू नका. हे माझ्यावर सोडा.’

ते काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

तो सौदा मी आजही कुणाला सांगू शकतो. पार्किंगमध्ये अख्खी इमारत जमली होती. सेक्रेटरी म्हणाले, ‘साईं, बिल्डिंग हिल रही है.’ मी म्हटलं, ‘बिल्डिंग रेतीमुळे हलते. तुम्ही टेरेसवर पाण्याची जादा टाकी चढवलीत, ती किती किलोची आहे सांगू?’ ते आवाज चढवायला लागले, मी त्यांच्यावर चढवला. मग खाली आणला. धमकी दिली, चहा मागवला, परत धमकी दिली. शेवटी ठरलं असं: दुपारी दोन तास वाजवायचं, आणि पायाचा मोठा ड्रम काढायचा. तोवर मी साउंडचं छोटं दुकान टाकलं होतं; त्याच्या जागी मी त्या दुकानातून इलेक्ट्रिक पॅड फुकट देणार, हेडफोनवर ऐकू येणारं, जमिनीला न लागणारं. काकीसुद्धा म्हणाल्या, ‘चालंल. त्यांनाबी जगू द्या.’ सेक्रेटरींनी हात मिळवला. पोलीस नाही, नोटीस नाही, सर त्याच घरात, त्याच खुर्चीवर. याहून चांगलं कुणाला करता आलं असतं?

मी आत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, उठले, आणि अनवाणीच पार्किंगमध्ये गेले. लोक अजून पांगले नव्हते.

‘मुझसे पूछा किसीने?’ त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

‘इसने बात की ना आपकी तरफ से.’

सर माझ्याकडे वळले. ‘तिसरा ठोका विकून आलास? मग उरलं काय त्यात?’

मी म्हटलं, ‘सर, पॅडमधून आवाज येतो. तुम्हाला ऐकू येईल.’

‘मला ऐकू येईल. जमिनीला काय लागेल?’ मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाले, ‘मी तुला वाजवायला शिकवत होतो. तू दलाल निघालास.’

कुणीतरी हसलं. मी माझ्या काठ्या त्यांच्या दारात टाकल्या आणि निघालो. स्टेशनपर्यंत कान गरम होते. मी त्यांच्यासाठी भांडलो होतो, माझ्यासाठी एक पैसा मागितला नव्हता. दलाल दोन्हीकडून घेतो. मी कुठून काय घेतलं?

पुढे मी तिकडे फिरकलो नाही. सर वाजवत राहिले, मोठ्या ड्रमसकट. लोक पोलिसात जाणार म्हणत राहिले आणि गेले नाहीत. एका दुपारी सरांच्या स्वयंपाकघरावरचा स्लॅब खाली आला. काकी वर ओट्यापाशी होत्या. त्या स्लॅबबरोबर खाली आल्या. सर पुढच्या खोलीत ड्रमवर होते, त्यांना खरचटलंही नाही. काकी काही दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या आणि तिथेच गेल्या.

महापालिकेचा इंजिनिअर आला. त्याने तुटलेल्या काँक्रीटमध्ये बोट घातलं तर ते भुसभुशीत निघालं, आतल्या सळ्यांचे गंजून पापुद्रे झाले होते. तो सगळ्यांसमोर म्हणाला की हा स्लॅब मांजर चाललं असतं तरी पडला असता, ड्रमचा काही संबंध नाही. स्लॅबची बातमी कळल्यावर मी गेलो होतो, तिथेच उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, ‘हमने बोला था.’ काकींच्या मुलाने सर भेटायला गेले तेव्हा दार उघडलं नाही.

आणि माझा राग इथेच आहे. काकींचं जे व्हायचं ते झालंच असतं. पण माझा सौदा पाळला असता तर त्या दुपारी तो ड्रम तिथे नसता, आणि या माणसाकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नसती. मी त्यांना नेमकं यातूनच सोडवून आणलं होतं.

इमारत रिकामी करून सील करणार होते. मी टेम्पो घेऊन गेलो, बंदोबस्तावरच्या हवालदाराशी अर्धा तास भांडलो, आणि ड्रमसेट बाहेर काढला. धूळ होती, पण काही तुटलं नव्हतं. तो मी अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या कडेच्या माझ्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवला. सीझनमध्ये मागणी आली तरी भाड्याने दिला नाही. का दिला नाही हे मला विचारू नका.

सर बदलापूरला खरवईत भाचीकडे राहायला गेले. नवीन टॉवर, वरचा मजला, बाल्कनीतून डोंगर दिसतो. मी गेलो तेव्हा भाचीने दारातच हळू आवाजात सांगितलं, ‘मामा टीव्हीपण आवाज बंद करून बघतात. मिक्सर लावला की उठून गॅलरीत जातात.’

सर आतून म्हणाले, ‘पापड दे त्याला.’

मी खूप ठरवून गेलो होतो. सेट सांगायचा, गोडाऊन सांगायचं, आणि मग तो शब्द काढायचा. मी म्हटलं, ‘चला सर, सेट तयार आहे. कोणी बोलणारं नाही तिथे.’ ते नाही म्हणाले. पुढच्या रविवारी परत गेलो, परत नाही. मी चिकाटीने जात राहिलो. गिऱ्हाईक नाही म्हणतं तेव्हा खरा व्यवहार सुरू होतो, हे मला माहीत आहे. शेवटी एका रविवारी ते स्वतःच चपला घालून बसले होते.

आम्ही गाडीने अंबरनाथकडे निघालो. कात्रपच्या पुढे आल्यावर म्हणाले, ‘त्या दिवशी तिने वरून लाटणं मारलं होतं.’

‘ते तर रोजच मारायच्या.’

‘नाही. त्या दिवशी तीनवर मारलं. बरोबर तीनवर. एकदा नाही, चार-पाच वेळा, माझ्याबरोबर. मी खूश झालो. ओरडलो, शाबास काकी. आणि पाय जोरात मारला.’

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, ‘सर, लाटण्याने आणि पायाने स्लॅब पडत नाही. इंजिनिअर काय म्हणाला ते मी स्वतः ऐकलंय. रेती खराब होती, सळ्या गंजल्या होत्या. तुमचा काही संबंध नाही.’

‘तू चांगला बोलतोस,’ ते म्हणाले. ‘पहिल्यापासूनच.’

यात कौतुक होतं की दुसरं काही, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

गोडाऊनमध्ये मी शटर पूर्ण वर केलं. उजेड सेटवर पडला. सेट मी स्वतः पुसून ठेवला होता, कातडी बदलली होती, रल्ली तशीच आत होती. सर बसले. स्टूल थोडं खाली घेतलं. काठ्या हातात तोलल्या. हाय-हॅट सुरू झालं, बारीक, सरळ, वयाचा मागमूस नाही. मग तिसऱ्या मात्रेवर काडी पडली, टक्. परत टक्. पण खालून काहीच येत नव्हतं. पाय पेडलवर होता आणि हलत नव्हता.

मी वाट पाहिली. दोन-चार आवर्तनं गेली. काडी पडत होती, आणि तिच्या खाली जिथे सगळं पडायला हवं तिथे नुसती पोकळी.

‘पाय मारा सर,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘मारा ना. इथे कोण अडवतंय तुम्हाला?’

त्यांनी काठ्या थांबवल्या नाहीत. मान तेवढी वर केली.

‘वर कोण राहतं?’

‘कोणी नाही राहत, सर. पत्रा आहे. पत्र्यावर काही नाही.’

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग पाय पेडलवरून उचलला, बाजूला कोब्यावर हळूच टेकवला, आणि नुसत्या हातांनी वाजवत राहिले.